दयाराम घरताचा डावा हात

पनवेलात त्या काळी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की लोक पैसे नंतर जुळवत, आधी दयाराम घरताला गाठत. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या लॉऱ्या आणि जीपा लिलावात निघाल्या होत्या. मुंबईचे दलाल त्यांना झकास रंग फासून इकडे आणत आणि आमचे मिठागरवाले, भातवाले, वीटभट्टीवाले त्या रंगाला भुलत. चार महिन्यांत ती गाडी उरण नाक्यावर चाकाखाली दगड घालून उभी, आणि मालक शेजारी डोकं धरून बसलेला. असं बऱ्याच जणांचं झालं, तेव्हा कुठे लोकांना अक्कल आली.

दयाराम पनवेलला लागून असलेल्या तक्का गावचा, आगरी माणूस. बापासारखं मिठागरात खपणं त्याला कधी जमलं नाही. लढाईच्या वर्षांत लष्कराच्या वर्कशॉपात लागला आणि इंजिनं उघडण्यात नि पुन्हा बसवण्यात ऐन उमेदीची वर्षं घालवून परत आला. बुटका, रुंद बांध्याचा, आणि चेहऱ्यावर हसू म्हणाल तर नावाला नाही. बोलणं असं तुटक, की समोरच्याला वाटावं, याला आपला काही राग आहे की काय. राग बिग काही नसायचा. गाडीत खोट दिसली की ती विकणाऱ्याच्या तोंडावर घडाघडा सांगून टाकायची, एवढंच. त्यावरून एका दलालानं त्याच्या अंगावर जॅकचा दांडा उगारला होता. दयारामनं तो दांडा त्याच्या हातातून काढून घेतला, गाडीखाली जॅक लावला आणि मागचं चाकसुद्धा ढिलं आहे हे हलवून दाखवलं.

त्याचा एक नियम मात्र कडक होता. आदल्या दिवशी निरोप जायचा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. इंजिन रुसकं असलं की मालक भल्या सकाळीच ते फिरवून तापवून ठेवतो. मग गिऱ्हाइकासमोर कसं, पुढचं हँडल एकदा फिरवलं की सुरू! म्हणून दयाराम आला की बॉनेट उघडायच्याही आधी डाव्या हाताची उलटी बाजू त्यावर ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावी तशी. मग रेडिएटरवर. उजव्या हातात पाना नाहीतर रॉकेलचं फडकं असायचं, त्यामुळे हे काम डाव्याकडे. ऊब लागली की एक अक्षर न बोलता तो घरची वाट धरायचा. मागून मालक ओरडत यायचा, "अहो दयाराम, ऐका तरी!" पण ऐकतो कोण!

आणि त्या हातांचं नाक्यावर काय कौतुक! नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाचा तापलेला प्लग पान्यानं ढिला करून तो नुसत्या बोटांनी काढायचा. उकळत्या रेडिएटरचं झाकण फडकं न घेता फिरवायचा. ड्रायव्हर लोक नवख्या माणसाला मुद्दाम बोलावून ते दाखवत आणि पैजा मारत. दयारामला त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोला. खरी गोष्ट अशी की उजव्याला चटका बसायचा, म्हणून तो गुपचूप डावाच पुढे करायचा. डाव्याला अलीकडे काही लागतच नव्हतं. यात त्याला काही वावगं वाटलं नाही, कारण पेट्रोलनं हात मरतात हे फिटर लोकांत सगळ्यांना ठाऊक. सगळेच पेट्रोलनं हात धूत, सगळ्यांचीच कातडी जाड. वर्कशॉपातला उस्ताद तर नव्या लोकांना सांगायचा, की हात मेल्याशिवाय फिटर पक्का होत नाही. मनगटाच्या वर एक फिकट डाग होता. तो बॅटरीच्या अ‍ॅसिडचा, असं दयारामनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

घरात तो आणि त्याची मुलगी मालू, दोघंच. बायको हौसा तापानं गेली तेव्हा मालू नुकती बोलायला लागली होती. दुसरी कर म्हणून भावकीनं डोकं खाल्लं, पण यानं दाद दिली नाही. शेजारच्या घरात भाऊ आनंदा नि त्याची बायको रंभा, त्यांच्या आधारानं पोर वाढली. आणि मोठी तोंडाळ निघाली हो! दयारामला बोलायची छाती अख्ख्या तक्क्यात तिची एकटीची. चुलीवरचं भांडं त्यानं हातानं उतरवलं की ती उसळायची, "बाबा, सांडशी कशाला आनलीय घरात? पुजायला?" तो नुसता हुं करायचा. त्या एका हुंवर दोघांचं छान चाललं होतं. मालूशिवाय आपल्याला जगात दुसरं काही नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं; फक्त बोलून दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मालूचं लग्न ठरलं उरणकडच्या बुधाजी पाटलाच्या बळीरामशी. बुधाजीचं मिठागर होतं, माणूस वजनदार आणि धूर्त, पण वाईट म्हणता यायचा नाही. बळीराम सालस, गाडी चालवायला शिकलेला. दिवस ठरला, आवतणं गेली, लग्नाची गाणी म्हणत विधी चालवणारी ठमाबाई धवलारीण सांगून झाली. एवढ्यात बुधाजीच्या मनात आलं, की पोराला एक गाडी घेऊन द्यावी आणि पनवेल-उरण भाड्याच्या सीटा मारायला लावावं. लाईन आळीतले डॉक्टर केळुसकर आपली जुनी गाडी काढणार होते. बुधाजी म्हणाला, "घरचाच गाडी बगनारा व्याही मिलालाय, मंग मी दुसऱ्या कुनाला इचारू?"

दोघं व्याही सकाळी डॉक्टरांच्या अंगणात गेले. काळी, चार दारांची विलायती गाडी जांभळाच्या सावलीत उभी होती. डॉक्टर ओट्यावर पायताण काढत होते. दयाराम नेहमीसारखा सरळ गाडीकडे गेला. डाव्या हाताची उलटी बाजू बॉनेटवर ठेवली. बॉनेट उघडून रेडिएटरवर ठेवली, चांगली दाबून.

"थंड हाय," तो म्हणाला. "हँडल काढा."

"थंड?" डॉक्टर पायरी उतरून आले. "अहो, थंड कशी असेल? मी या घटकेला पळस्प्याहून येतोय. तुमचा निरोप होता, पण तिकडे एक बाई अडली होती, न जाऊन कसं चालेल? तेच सांगणार होतो, आज राहू दे म्हणून."

बुधाजीनं हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. "आई आई गं! अवो व्याही, तवा हाय तवा! भाकरी भाजंल यावर!" तो पोट धरून हसायला लागला. दयारामला फसवायला मालकाला काही करावंच लागलं नाही, ही गंमत त्याला फार आवडली.

दयारामनं उजवा हात ठेवला. चटका बसला. मग पुन्हा डावा ठेवला. पत्रा लागत होता, पण कुठून तरी लांबून, गोणपाटातून लागावा तसा. ऊब काही नाही. बुधाजी अजून हसत होता. डॉक्टर हसत नव्हते. ते दयारामच्या हाताकडे बघत होते, करंगळीकडे. ती जराशी आत वळली होती.

"इंजिन निवायला वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले. "पाटील, तुम्ही बसा, चहा येतोय. दयाराम, तुम्ही जरा आत या."

आत डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसवलं, बाही वर करायला लावली. डागाकडे बघितलं. कोपराच्या मागे बोटांनी चाचपलं, तिथे दोरीसारखं जाड काही तरी लागलं तसे तिथेच थांबले. मग म्हणाले, "डोळे मिटा. मी कापूस लावतो. जिथे लागेल तिथे बोट ठेवून दाखवायचं." दयारामनं डोळे मिटले. उजव्या हातावर कापूस लागला, त्यानं दाखवला. गालावर लागला, दाखवला. मग बराच वेळ काही लागलं नाही. त्याला वाटलं, डॉक्टर उठून गेले असावेत. डोळे उघडून बघतो तर कापूस त्याच्या डाव्या मनगटावरून करंगळीकडे फिरत होता.

आपण गाडी बघतो तसंच हे आपल्याला बघताहेत, एवढंच त्याच्या मनात आलं.

डॉक्टर समोर बसले. आडवळण न घेता त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. गावात ते नाव कोणी मोठ्यानं घेत नसे. महारोग. "सुका प्रकार आहे," ते म्हणाले. "यापासून दुसऱ्याला होत नाही. आता गोळ्या निघाल्यात, माझ्याकडे येऊन घेत जा. वाढणार नाही. बोटांची गेलेली जाणीव मात्र कदाचित परत यायची नाही. काम करा, पण तापलेल्या वस्तूला हात लावण्याआधी डोळ्यांनी बघा."

"पेट्रोलनं नाय?" दयारामनं विचारलं.

"नाही."

"पोरीला?"

"तिला काही नाही. लग्न आहे ना तिचं? खुशाल करा." डॉक्टरांनी दाराकडे बघितलं. "बाहेर बसलेत त्यांना मी एक शब्द सांगणार नाही. सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

दयाराम उठला आणि बाही खाली केली. भीती वाटायला हवी होती. ती काही वाटेना. राग नाही, रडू नाही, देवाला शिव्या घालाव्यात असंही नाही. महारोग झालेल्या माणसाचं गावाबाहेर काय होतं हे त्यानं पाहिलं होतं. ज्या घरात तो निघाला, त्या घरच्या पोरीला कोण करून घेतो हेही माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि आत काही हलत नव्हतं. फक्त असं न हलणं त्याला फार विचित्र वाटलं. मग तो अंगणात गेला, गोणपाट पसरलं आणि गाडीखाली शिरला. दुसरं काय करणार?

खालून त्यानं चेसी बघितली. डावीकडच्या लोखंडावर वेल्डिंगचा सांधा होता आणि त्यावर ताजा काळा रंग. डॉक्टरांनी ओट्यावरूनच कबूल केलं की मागच्या वर्षी बैलगाडीला धडक बसली होती. स्प्रिंगच्या पाट्यांचं एक पान तडकलेलं होतं. बाहेर येऊन त्यानं मडगार्डवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. एका जागी आवाज बद्द आला, म्हणजे तिथे पत्रा नाही, खड्डा बुजवायला लांबीचा लगदा भरलेला. दारं एकेक उघडून हलकेच सोडून दिली, कुठलं आपलं आपण बसतं, कुठलं अडतं ते बघितलं. चटई उचलून खाली पत्रा गंजला आहे का ते पाहिलं. टायर आतल्या बाजूनं जास्त झिजले होते. जॅक लावून पुढचं चाक वरखाली हलवलं तर ते डुगडुगलं, त्यात खेळ निघाला. इंजिनावर कोरलेला नंबर गाडीच्या कागदावरच्या नंबराशी ताडून बघितला. ऑइलची पट्टी काढून थेंब उजव्या बोटांत चोळला, झिजलेल्या लोखंडाचा कीस लागतो का ते बघायला. डावा हात त्यानं खिशात ठेवला होता. बुधाजी बशीतून चहा ओढत सगळं कौतुकानं बघत होता आणि मधूनच म्हणत होता, "बारीक बगतोय हो आमचा व्याही!"

इंजिन निवायला बराच वेळ गेला. मग हँडल मारलं. तिसऱ्या हँडलाला सुरू झालं, धूर थोडा निळा, पण आवाज गोल, ठोका कुठे नाही. दयाराम कान लावून उभा राहिला. गाडीचं इंजिन चांगलं होतं. त्याला नेहमी अशा वेळी बरं वाटायचं. आज तेही वाटलं नाही.

चढावर नेल्याशिवाय तो कुठल्याच गाडीला हो म्हणत नसे. दोघं कर्नाळ्याच्या रस्त्याला लागले, दयाराम चालवायला, बुधाजी शेजारी. सपाटीवर त्यानं स्टेरिंग सोडून बघितलं. गाडी डावीकडे ओढत होती. ब्रेक दाबून बघितले. खिंडीच्या चढावर वरचा गिअर टाकून जोर दिला तर इंजिन ओरडलं, पण गाडी काही त्या मानानं पळेना. क्लच घसरत होता. बुधाजी सारा वेळ लग्नाचं बोलत होता. मांडवाला कोणाचे बांबू आणायचे, मुंबईचे पाहुणे कुठे उतरवायचे, मालूला त्याच्या बायकोनं कसली पाटली केली आहे. "पोर सोन्यासारकी हाय तुमची," तो म्हणाला. "माज्या घरात कुनाला तोंड नाय. आता घर बोलायला लागंल." दयारामनं हुं केलं.

खिंडीच्या माथ्यावर त्यानं गाडी झाडाखाली घेतली आणि बंद केली. तापलेलं इंजिन पुन्हा लगेच सुरू होतं का ते बघायचं होतं.

"मंग?" बुधाजीनं विचारलं. "काय काय खोट हाय ती सांगा. लपवू नका."

दयाराम समोरच्या काचेकडे बघत सांगू लागला. नेहमी सांगायचा तसंच, एका दमात. "चेसीला सांधा हाय, पन चांगला बसवलाय, तुटनार नाय. पाट्याचं पान बदला. फुडच्या चाकात खेळ हाय, तो काडून घ्या, टायर वाचतील. क्लच संपलाय. डाव्या मडगार्डात लांबी भरलीय, त्याचं काय नाय. इंजिन चांगलं हाय. आनि माज्या डाव्या हाताला महारोग हाय. डॉक्टरांनी आता सांगितला."

सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. ठरवलं काहीच नव्हतं. खोट सांगायची सवय इतकी अंगात मुरली होती, की ती जिभेवरून आपली आपण गेली. लेकीचं लग्न त्या एका वाक्यात मोडू शकत होतं, आणि ते वाक्य आता परत घेता येत नव्हतं.

मघाशी हसणारा बुधाजी एकदम थकल्यासारखा दिसायला लागला. त्यानं विचारलं, "पोरीला?"

"नाय. डॉक्टर म्हनले, तिला काय नाय. सुका हाय, कुनाला व्हनार नाय."

"अजून कुनाला ठावं हाय?"

"डॉक्टरांना. तुमाला."

बुधाजीनं दार उघडलं. खाली उतरला, धोतर झटकलं, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. "चला," तो म्हणाला.

दयारामनं इंजिन सुरू केलं. ते पटकन सुरू झालं. गाडी उतार उतरायला लागली. मग मागून आवाज आला, आणि तो आवाज कडक नव्हता, हीच मोठी पंचाईत. कडक असता तर दयारामला भांडता तरी आलं असतं.

"लगीन मोडलं तर लोक इचारतील, का मोडलं. आज नाय तर उद्या भाईर पडंल. मंग त्या पोरीला जलमभर कोन करनार नाय. तिच्यात काय खोट नाय, मी तिला कशाला शिक्षा करू? लगीन व्हईल, दयारामभाऊ. ठरल्या दिवशी व्हईल."

दयारामनं आरशात बघितलं. बुधाजी खिडकीबाहेर बघत होता.

"पन एकदा ती माज्या उंबऱ्यात आली का तुमचा उंबरा तिला बंद. पाचपरतावन नाय. सन नाय. बाळतपन माज्या घरी व्हईल. तुमी आमच्या घरी यायचं नाय, तिनं तुमच्या घरी जायचं नाय. माज्या घरात लेकरं हायत, म्हातारी हाय. डॉक्टर सांगतात ते सांगतात, पन मना धीर नाय. आनि तिला यातला एक सबूद सांगायचा नाय. बळीरामला पन नाय. सांगितलं तर ती रडंल, मंग आजूबाजूला कलंल. कबूल हाय?"

लग्न की लेकीचं तोंड, यातलं एकच त्याला मिळणार होतं. डोळ्यांसमोर मालू आली, सांडशी हातात घेऊन ओरडणारी. त्याला वाटलं, आता तरी काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही.

"बरं," तो म्हणाला.

पनवेलचा नाका आला तेव्हा बुधाजीनं मागूनच विचारलं, "गाडी घेऊ?"

"घ्या. क्लच आधी बदला."

आणि बुधाजीनं ती घेतली. गाडीच्या बाबतीत दयारामवर त्याचा विश्वास तसूभरही कमी झाला नव्हता.

मांडव पडला. दयाराम बिनबायकोचा, म्हणून कन्यादान आनंदा नि रंभानं केलं. त्यात कोणाला काही नवल वाटलं नाही. हाताला त्यानं फडकं गुंडाळलं होतं आणि विचारणाऱ्याला भाजलाय म्हणून सांगत होता. लोक हसत, म्हणत, "लोखंड पन भाजलं का शेवटी!" ठमाबाईनं गाणी म्हटली, हळद झाली, जेवणं झाली. दयाराम कामं करत होता. कंदील भर, पाणी काढ, पाहुण्यांना पान दे. पान मात्र आपल्या हातानं न देता आनंदाकडून देववायचा. मालू बाशिंग बांधून त्याच्याकडे बघायची, तेव्हा तो दुसरीकडे बघायचा. पोर घर सोडून चालली म्हणून बापाचं असं झालंय, असं बायका आपसांत म्हणत होत्या. झालं काहीच नव्हतं. आत सगळं गप्प होतं.

वरात निघायची वेळ आली. झेंडूच्या माळा घातलेली काळी गाडी रस्त्यावर उभी होती. दयारामनं वाकून टायर बघितले, बॉनेट उघडून पाणी बघितलं. आनंदा ओरडला, "अरं दादा, गाडी कसली बगतोस, पोर निगाली!" तेव्हा तो सरळ झाला. मालू समोर होती. रडून रडून नाक लाल झालेलं. तिनं त्याचे दोन्ही हात धरले, फडक्यासकट. उजव्या हाताला तिच्या बांगड्या टोचल्या.

"बाबा, पाचव्या दिसी तू ये न्यायला. आनंदाकाकाला धाडू नको हां. तूच ये. सकालीच ये, मी तयार ऱ्हाते. तोवर चुलीशी धडपडू नको, रंभाकाकीकडं जेव."

बुधाजी गाडीचं दार धरून उभा होता. त्यानं मान खाली घातली होती.

"येतो," दयाराम म्हणाला.

"नक्की?"

"येतो म्हनलं ना."

ती गाडीत बसली. गाडी गेली. बायका घरात गेल्या, आनंदा मांडवाचे बांबू मोजायला लागला.

पाचव्या दिवशी दयारामनं लवकर अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला आणि ओट्यावर येऊन बसला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आनंदा म्हणाला, "निगालास का पोरीला आनायला?"

"नाय."

"मंग मी जाऊ?"

"कुनी जायचं नाय."

आनंदाला वाटलं, मानपानावरून काही बिनसलंय. त्यानं चार शब्द ऐकवले, बुधाजीला शिव्या घातल्या, दयारामला मूर्ख म्हटलं. दयाराम ऐकून घेत राहिला. ऊन ओट्यावर आलं तसा तो उठला आणि एका भातवाल्याची लॉरी बघायला गेला. लॉरीच्या बॉनेटवर त्यानं उजवा हात ठेवला.

दिवस जात राहिले. तो डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या आणायचा, भाकरी स्वतः थापायचा, सांडशी वापरायचा. बळीरामची गाडी आता रोज उरण नाक्यावर सीटा भरायला येत होती. तिचा आवाज दयारामला लांबून ओळखू यायचा, मग तो नाक्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उभा राहायचा. पण एका सकाळी बळीरामनं त्याला बरोबर गाठलंच. गाडी भरलेली होती, आतले लोक घाई करत होते. बळीराम उतरून धावत आला.

"मामा, थांबा! मालू इचारते, तिचं काय चुकलं?"

"काय नाय चुकलं."

"मंग आलाव का नाय? त्या दिसी ती सकालपास्न लुगडं नेसून बसली व्हती. दुपारपतूर जेवली नाय. अजून सांजंला माजी गाडी आली का धावत येते नि आत वाकून बगते, तुमी हाव का. मी बाबांना इचारलं तर ते गप बसतात. आमी कुनी काय बोललो का तुमाला?"

"नाय."

"मंग तिला काय सांगू?"

दयारामच्या ओठांवर सगळं आलं होतं. एक वाक्य बोललं असतं तर लेकीला कळलं असतं की बापानं तिला टाकलेलं नाही. आणि त्याच वाक्यानं तिचं घर मोडलं असतं.

"सांग, बाबाला सवड नाय."

"येवडंच?"

"येवडंच."

बळीराम क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. तो सालस पोर, कधी कोणाला वेडंवाकडं न बोललेला. पण त्याच्या डोळ्यांत त्या वेळी जे आलं, ते दयारामनं नीट बघितलं. "ती म्हनते, माजा बाबा असा नव्हता," बळीराम म्हणाला. "मना वाटतं, असाच असंल." आणि तो गाडीत बसून निघून गेला.

गाडी वळणाआड गेली. दयाराम तिथेच खाली बसला, रस्त्याच्या कडेला, भर नाक्यावर. आणि मग ते आलं. तोंड पसरून, आवाज करून तो रडायला लागला, बायका रडतात तसा. हौसा गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. चहाच्या दुकानातले लोक उठून आले, ड्रायव्हर लोक जमले, कोणी पाणी आणलं. काय झालं, कोणी मेलं का, बळीराम काय बोलला, सगळे विचारत होते. त्यानं कोणालाच काही सांगितलं नाही. सांगायचं नाही, असं ठरलं होतं.